आधी गळती, मग गॅस

बिबवेवाडीत दुकानांच्या रांगेमागे, टेम्पो वळवायला जेमतेम जागा उरते तिथे, सरांची पत्र्याची शेड होती. बाहेर त्यांनी स्वतःच रंगवलेली पाटी होती: "मोटारींचे एसी. येथे नुसता गॅस भरून मिळत नाही. आधी गळती शोधली जाते. घाई असल्यास दुसरीकडे जावे." मला घाई होती. पण दुसरीकडे मी आधीच जाऊन आले होते, म्हणून आत गेले.

सरांना सगळे सरच म्हणत. एका आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचं काम शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही शेड घेतली आणि तिथेही शिकवतच राहिले. फरक एवढाच, की आता समोर गिऱ्हाइकं बसत आणि त्यांना आपण वर्गात बसलोय हे उशिरा कळत असे. शेडमध्ये एकच खुर्ची होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली गॅसच्या दाबाचा आणि तापमानाचा हाताने लिहिलेला तक्ता होता. सर उंच आणि किडकिडीत होते. ग्रीसच्या धंद्यात असून कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालायचे. लोक पेन लावतात त्या खिशात ते थर्मामीटर लावायचे, तापाचा नव्हे, एसीच्या जाळीत खुपसायचा. हा थर्मामीटर ते सगळीकडे खुपसत. बँकेत रांगेत उभे असताना, दवाखान्यात, एकदा तर माझ्या भाच्याच्या लग्नात कार्यालयाच्या भिंतीवरच्या एसीत. मग कार्यालयाच्या मॅनेजरला शोधून काढून म्हणाले, "आपला एसी फक्त आवाज करतोय. पंखे लावलेत तर निदान आवाज खरा वाटेल."

"काय मस्त गारवा येतोय" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "गारवा येत नाही. गारवा नावाची वस्तू जगात नाही. उष्णता जाते." हे त्यांनी माझ्या आईलाही ऐकवलं होतं. आई म्हणाली, "जाऊ दे बाई एकदाची." सरांना ते इतकं आवडलं की पुढे ते गिऱ्हाइकांना सांगत, एका आजींनी माझा अख्खा पहिला धडा चार शब्दांत सांगितला.

माझी आणि सरांची पहिली भेट मात्र अशी गोडीची नव्हती.

मी एका शाळेत भूगोल शिकवते. त्या वर्षी आईला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि एप्रिलमध्ये रेडिएशन सुरू झालं, आठवड्यातून पाच दिवस, दुपारी दीड वाजता. माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी होती. तिच्या एसीत जो गॅस असायचा तो आता बनतच नाही, कारण त्याने ओझोनचा थर विरतो. हे मी सातवीला शिकवत होते, पण आपल्याच गाडीच्या बोनेटखाली तो प्रश्न येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. हडपसरच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "मॅडम, जुन्या गाड्यांसाठी पर्यायी गॅस निघालाय. काही बदलायला लागत नाही. अर्ध्या तासात गार." आणि खरंच गार झाली. पूर्वी कधी नव्हती एवढी. आईला मागच्या सीटवर शाल लागायची. महिनाभराने गारवा कमी व्हायला लागला. त्या दिवशी हॉस्पिटलातून परत येताना वाटेत ही पाटी दिसली. आई गाडीतच बसून होती.

"गॅस भरायचाय," मी म्हणाले.

"का?"

"संपलाय."

"पेट्रोल संपतं. गॅस संपत नाही, जातो. शेवटचा कधी भरला होतात?"

"महिना झाला."

"म्हणजे महिन्याभरात गेला. कुठे गेला?"

मी घड्याळाकडे पाहिलं.

"गाडीत कोण बसतं?"

हे मला आगाऊपणाचं वाटलं. तरी सांगितलं, आईचं रेडिएशन, दुपारची वेळ, सगळं. सरांनी मान हलवली, बोनेट उघडलं, दोन होज पाईप लावून गेजवर दाब पाहिला आणि बराच वेळ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "कोणता गॅस भरलाय?"

"पर्यायी गॅस म्हणाले."

"पर्यायी म्हणजे कोणता? पर्याय बरेच असतात."

मला ठाऊक नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागचं दार उघडून आईला विचारलं, "आजी, गाडीत कधी कसला वास येतो का?"

"तिला हल्ली सगळ्यालाच वास येतो," मी म्हणाले. "उपचारांमुळे. वरणालासुद्धा येतो."

"मी आजींना विचारतोय."

आई म्हणाली, "येतो. एसी लावला की येतो. घरी सिलिंडर बदलताना येतो ना, तसा. हिला सांगितलं मी दोन-तीनदा."

सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, आई, तुला भास होतो. त्या दोन महिन्यांत मी तिचं पुष्कळ केलं. रात्री उठले, पथ्याचं रांधलं, फायली सांभाळल्या. पण तिचं म्हणणं खरं असू शकतं, हे सोयीस्कररीत्या विसरले होते. सरांना ते अर्ध्या मिनिटात सुचलं.

त्यांनी आईला हात धरून उतरवलं आणि खुर्चीवर बसवलं. माझ्याकडून किल्ली मागून घेतली. मग बॅटरीची वायर सोडवली.

"गाडी आज जाणार नाही."

"अहो, उद्या दीडला पोचायचंय आम्हाला."

"यात स्वयंपाकाचा गॅस भरलाय, बाई. किंवा त्याचाच भाऊ. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलला गळती आहे, म्हणून तो बाहेर न जाता आजींच्या पुढ्यात येतोय. काचा बंद. एखादी ठिणगी पुरते."

"मग आता मी तिला कसं नेऊ? भर उन्हात रिक्षाने?"

"दीडच का?"

"त्यांनी दिलीये वेळ."

"सकाळची मागितली होती?"

नव्हती मागितली. "उद्या सातला जाऊन उभ्या राहा," सर म्हणाले. "सातला आलेल्या माणसाला दीडची वेळ देताना त्यांनाही लाज वाटते." मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी मी सातला गेले. त्यांनी वही चाळली आणि सव्वाआठची वेळ दिली. वेळ रिकामीच होती. महिनाभर मी आईला दुपारच्या उन्हात नेत होते, कारण एक प्रश्न विचारला नव्हता.

त्या दिवशी सरांनी दोन टेम्पोवाल्यांना हाताशी घेऊन गाडी ढकलत मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. चालू करू दिली नाही. वाळूची बादली जवळ ठेवली आणि वाऱ्याची दिशा बघून गॅस अगदी सावकाश सोडायला सुरुवात केली. आता तो वास मलाही आला, टेम्पोवाल्यांनाही आला. पलीकडे एक गृहस्थ विडी काढत होते. सर त्यांना म्हणाले, "आपण अवश्य ओढा. फक्त कात्रजला जाऊन ओढा." ते गृहस्थ थोडे खवळले, पण गेले.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. सगळा डॅशबोर्ड खाली आला. कूलिंग कॉइल नवीन घातली, रबरी रिंगा बदलल्या, ओलावा शोषून घेणारा ड्रायर बदलला, कॉम्प्रेसरमधलं जुनं तेल काढून नव्या गॅसला चालणारं तेल घातलं. मग पाईपांतली हवा पूर्ण खेचून घेतली आणि रात्रभर तशीच ठेवली, कुठून हवा आत शिरते का ते पाहायला. नंतर कुठे वजन करून नवा गॅस भरला. हा न पेटणारा होता. गाडी देताना म्हणाले, "जुन्या गॅसइतकी गार होणार नाही. भर दुपारी सिग्नलला थांबलात तर घाम येईल. मी खोटं सांगत नाही." आणि थर्मामीटर जाळीत खुपसून तो मला न दाखवता आईला वाचायला दिला. आईने चष्मा वर करून पाहिलं. "अकरा," ती म्हणाली. तिचा आवाज परीक्षा पास झाल्यासारखा होता.

मी निघताना सरांनी त्या हडपसरच्या गॅरेजचा पत्ता विचारला. मी मालकाचं नाव सांगितलं. सर नळापाशी गेले. नळाखाली हात धूत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.

"माझा विद्यार्थी आहे," शेवटी म्हणाले. "शाळेला आता सुट्टीच ना? सोमवारी चला माझ्याबरोबर. ज्याच्यावर बेतलं तेच माणूस समोर असलं की बोलणं लांबत नाही."

तो विद्यार्थी आता पंचेचाळिशीचा होता. सरांना बघून गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, खुर्ची पुसली. मला ओळखलं आणि त्याचा चेहरा जरा उतरला. सरांनी आवाज चढवला नाही. काय भरलंस, किती भरलंस, एवढंच विचारलं. त्यानेही लपवलं नाही.

"सर, हा पण पर्यायीच आहे. आता घरातल्या नव्या फ्रिजमध्ये हाच असतो."

"फ्रिजमध्ये मूठभर असतो. आणि फ्रिजला मागून टेम्पो धडकत नाही. आणि फ्रिजमध्ये माणसं बसत नाहीत."

"जुना गॅस मिळत नाही, सर. दुसरा भरायचा तर निम्मी सिस्टिम बदलावी लागते. गिऱ्हाईक म्हणतं, एवढं नको, फक्त गार कर. मी नाही केलं तर शेजारचा करतो."

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता उठतील. पण त्यांनी खुर्ची उचलून गॅरेजच्या तोंडाशी नेली आणि तिथे बसले. दिवसभर बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अदबीने विचारायचे, "नमस्कार. आपल्या गाडीत कोण कोण बसतं?" लोक गोंधळायचे, पण सांगायचे. बायको, दोन मुली. सासरे, त्यांना दम्याचा त्रास आहे. एकाने सांगितलं, कुणी नाही, मी एकटाच. सर म्हणाले, "तुम्हीसुद्धा मोजायचे असता." विद्यार्थी आत काम करत होता, पण पाना त्याच्या हातून दोनदा खाली पडला. मी मधे जाऊन दोघांसाठी चहा आणला. कोणीच प्यायला नाही.

चारच्या सुमारास सर पाय मोकळे करायला आत आले आणि भिंतीपाशी थांबले. तिथे खिळ्याला एक पितळी दिवा टांगला होता, गळती शोधायचा. जुन्या काळी त्याची ज्योत पाईपांच्या जोडाजवळ नेत. जुना गॅस गळत असला तर ज्योत हिरवी होई.

"अजून ठेवलायस?"

"तुमची आठवण, सर. तुम्हीच शिकवला होता."

"मीच शिकवला," सर म्हणाले. "एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, शंका आली की ज्योत जवळ न्या. त्या गॅसला ते ठीक होतं. आज तू भरतोस त्या गॅसला कुणी ज्योत जवळ नेली तर? गॅस बदलला. मी निवृत्त झालो आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं." ते विद्यार्थ्याकडे वळले. "चूक तुझी एकट्याची नाही. पण गाड्या तुझ्या आहेत. किती?"

विद्यार्थी स्टुलावर बसला. "नऊ. बाईंची धरून."

पुढचे दोन रविवार ते दोघे त्या मोकळ्या प्लॉटवर होते. विद्यार्थ्याने एकेका गिऱ्हाइकाला फोन करून बोलावून घेतलं, स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली आणि पदरचं सामान घालून गाड्या नीट करून दिल्या. काही लोक चिडले. बर्फासारखा एसी काढून घेऊन हा कसला मिळमिळीत एसी देताय, असं एकाने सुनावलं. विद्यार्थी ऐकून घेत होता. सर वाळूच्या बादलीपाशी उभे होते. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना दिव्याबद्दल फोन करायलाही त्यांनी त्याच दिवसांत सुरुवात केली. रोज संध्याकाळी हजेरीपट घेऊन बसायचे. "मी सर बोलतोय. तो पितळी दिवा काढून टाक." एवढंच वाक्य. काहींनी तो धंदाच कधी केला नव्हता, ते आता विमा विकत होते किंवा रिक्षा चालवत होते. त्यांनाही हे सांगून झालं.

आठ गाड्या झाल्या. नववी मिळेना. मालकाने ती दलालाला विकली होती आणि दलालाने पुढे कुणाला, ते त्याला आठवत नव्हतं. फिकट पिस्ता रंगाची गाडी, आणि नंबर. तेवढंच हाती होतं.

सरांनी नंबर पाठ केला आणि मलाही पाठ करायला लावला; माझ्या तोंडून ऐकून तो आईचाही पाठ झाला. "बाई, तुम्ही भूगोलाच्या. नदीच्या पलीकडचं पुणे तुमचं, अलीकडचं माझं." मला हसू आलं, पण ते गंभीर होते. ते बसने हिंडायचे, खिडकीची जागा मिळेपर्यंत बस सोडायचे. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरायचे आणि वॉचमनशी वाद घालायचे. भंगारवाले, गॅरेजं, मंगल कार्यालयांबाहेरच्या रांगा, काही सोडलं नाही. विद्यार्थीही गॅरेज बंद झाल्यावर मोटारसायकलवरून फिरायचा. मी एकदा सरांना म्हटलं, इतक्या दिवसांत त्यातला गॅस गळूनही गेला असेल. "असेल," ते म्हणाले. "असेल म्हणजे माहीत नाही."

आता सर पुण्यात नाहीत. गुडघे गेल्यावर मुलीकडे नाशिकला राहायला गेले. शेडच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्या आईचं रेडिएशन पुरं झालं आणि त्यानंतर ती पाच वर्षं होती, त्यातली चार चांगली. सरांच्या पहिल्या धड्याची तिने केलेली टिंगल ते अजून फोनवर मला सांगतात, जणू मी तिथे नव्हतेच.

पण ती नववी गाडी सापडली. आईलाच सापडली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिला हवा पालटायला म्हणून खडकवासल्याला नेलं होतं. धरणाच्या कडेला भाजलेल्या कणसांच्या हातगाड्या लागतात. आई म्हणाली, "थांब. तो नंबर बघ." एका बाईच्या शेगडीमागे ती पिस्ता गाडी उभी होती आणि डिकीत कणसांची पोती होती. निखारे बोनेटपासून दोन हातांवर फुललेले होते.

मी सांगून बाई शेगडी हलवेना, म्हणून मी सरांना फोन केला. ते बसने आले, पिशवीत गेज आणि होज पाईप घेऊन. आल्या आल्या त्यांनी त्या बाईला शेगडी हलवायला सांगितली.

"आन् का? गिऱ्हाईक हाय की हो."

"ताई, आधी शेगडी. मग मी सगळं सांगतो."

तिने नवऱ्याला हाक मारली, नवरा यायच्या आत सरांनी स्वतःच फडक्याने शेगडी धरून लांब नेली. मग बोनेट उघडून गेज लावला. काटा हलला नाही. सरांनी गेजवर टिचकी मारली. दुसऱ्या बाजूला लावून पाहिला. शून्य.

"त्यो एसी आमी गाडी घेतल्यापासनंच बंद हाय," बाई म्हणाली. "आमाला काय करायचाय?"

सर बोनेटला धरून उभे राहिले. मला वाटलं ते दमले असतील. पाणी दिलं तर ते हातातच राहिलं. सहा महिने आम्ही जिला शोधत होतो ती गाडी केव्हाच रिकामी झाली होती, आणि तशीच असणार हे आम्हाला कोणीही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

"गेला," ते म्हणाले. "कधी गेला, तेव्हा आत कोण होतं, काही कळणार नाही. गेला तेव्हा कुणी काडी ओढली नाही, एवढंच."

त्यांनी शेगडी परत जागेवर आणून ठेवली आणि बाईची माफी मागितली. तिने तिघांना कणसं दिली. सरांनी आपलं सगळं खाल्लं, दाणा न सांडता. मग मला म्हणाले, "बाई, मला हडपसरला सोडाल का?"

खडकवासल्याहून हडपसर म्हणजे सगळं पुणे ओलांडून जायचं. सर पुढे बसले. आई मागे झोपली होती. गॅरेजपाशी पोचलो तेव्हा विद्यार्थी एका गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. सर त्याच्या पायांजवळ जाऊन उभे राहिले.

"सापडली," ते म्हणाले. "रिकामी होती. माणसं ठीक आहेत."

आतला पान्याचा आवाज थांबला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. मग सरकत बाहेर आला, तिथेच जमिनीवर बसला आणि ग्रीसने माखलेले हात तोंडावर ठेवून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, भर रस्त्यावर. मी गाडीतून उतरले होते, ती परत आत बसले. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही की काही समजावलं नाही. ते शेजारी उभे राहिले, त्याचं होईपर्यंत.

तेवढ्यात एक माणूस गाडी घेऊन आला आणि हॉर्न वाजवला. सरांनी वळून पाहिलं.

"ऊठ," ते विद्यार्थ्याला म्हणाले. "गिऱ्हाईक थांबलंय."